लातूरचे विलासराव, रेणापूरचे मुंडे

दोघेही १९८० साली पहिल्यांदा आमदार झाले. विलासराव देशमुख बाभळगावच्या सरपंचपदावरून आलेले, काँग्रेसचे. गोपीनाथ मुंडे नाथ्र्याचे, भाजपचे. पक्ष वेगळे, पण मैत्री अख्ख्या मराठवाड्याला ठाऊक.

मुंडे १९८५ ला पडले, १९९० ला परतले आणि मग २००९ पर्यंत रेणापूर मतदारसंघ सोडला नाही. विलासरावांचा पराभव मात्र जिव्हारी लागणारा. सलग तीनदा निवडून आलेल्या नेत्याला १९९५ मध्ये लातूरनंच नाकारलं, आणि त्याच वर्षी मुंडे उपमुख्यमंत्री झाले. १९९९ ला विलासराव परतले ते थेट मुख्यमंत्रिपदावर.

सत्ता विलासरावांकडे जास्त काळ राहिली, दोनदा मुख्यमंत्री. तरी विरोधी बाकावरून सरकारला घाम फोडावा तो मुंड्यांनीच, असं मला मनापासून वाटतं.