‘मादाम द्यूबारी’ची ब्लू-रे: काही महिने पुन्हा पुन्हा पाहिल्यावर

एर्न्स्ट लुबिच यांचा हा १९१९ सालचा जर्मन मूकपट मी घेतला तो पोला नेग्रीसाठी. पहिल्या खेपेला नजर तिच्यावरून हटतच नाही. ती झालीय टोप्यांच्या दुकानात राबणारी झान, म्हणजे पुढे फ्रान्सच्या राजाची प्रेयसी होणारी मादाम द्यूबारी. तिचा जीव आर्मांवर, पण रविवारी त्याला भेटायचं की स्पेनच्या दूताकडे जायचं, हे ती चोळीवरच्या फिती मोजून ठरवते, आणि जाते दूताकडेच! तिथून पंधराव्या लुईच्या महालापर्यंत ती हसतखेळत पोचते.

पुढे पुढे मात्र मी राइनहोल्ट श्युन्त्सेलच्या श्वाझलकडे जास्त पाहू लागलो. या मंत्र्याला राजाशेजारी आपली बहीण बसवायची आहे. झानचा त्याला संताप येतो तो नीतीपायी नाही, तिने ती जागा घेतली म्हणून. सत्तेची खरी भूक त्याची आहे. झानला मजा हवी, दागिने हवेत, आणि हाती आलेलं वजन ती वापरते ते आर्मांला मृत्युदंडातून सोडवायला. तरीही गिलोटिनखाली जाते तीच. हे कळल्यावर शेवट पाहणं मला दर वेळी जड जातं.

फ्रेंच राज्यक्रांतीतल्या गर्दीची दृश्यं तर अंगावर येतात. जानेवारी १९१९ मध्ये बर्लिनच्या रस्त्यांवर उठाव चिरडला गेला, त्यातल्या कम्युनिस्ट नेत्या रोझा लुक्झेंबर्गची हत्या झाली. त्याच शहरात १८ सप्टेंबरला ‘ऊफा-पालास्ट आम झो’ हे चित्रपटगृह उघडलं ते याच चित्रपटाने. पडद्यावरचा जमाव त्या प्रेक्षकांना परका वाटला नसणार.

इतिहास शिकायला मात्र हा पाहू नका. लुई १७७४ मध्ये देवीच्या आजाराने गेला, क्रांतीत बास्तीय हा पॅरिसचा तुरुंग-किल्ला पडला १७८९ मध्ये. इथे मधली वर्षं गायबच आहेत. हॅरी लीट्केचा आर्मां मला अजूनही फिकाच वाटतो. एमिल यानिंग्जचा लुई आधी किळसवाणा वाटतो, मग मरणाला भ्यालेला म्हातारा म्हणून त्याची कीव येते.

डिस्कबद्दल: रंगछटा दिलेली प्रत आहे, चेहरे स्वच्छ दिसतात, ओरखडे अधूनमधून आहेत. मजकूरपाट्या जर्मन, खाली इंग्रजी उपशीर्षकं. माझी डिस्क युरोपातली, म्हणजे ‘बी’ विभागाची; भारत ‘सी’ विभागात येतो, आणि एका विभागाची डिस्क दुसऱ्या विभागाच्या प्लेअरवर चालेलच असं नाही, तेव्हा प्लेअर तपासूनच मागवा. आवडला तर पाठोपाठ लुबिच यांचाच ‘आना बोलाइन’ (१९२०) पाहा. तिथे यानिंग्ज इंग्लंडचा राजा आठवा हेन्री झाला आहे, आणि राजाची मर्जी फिरल्यावर राणीचं काय होतं ते त्यात जास्त कठोरपणे येतं.