पहिला पियानो: अकूस्टिक की डिजिटल?

पट्ट्या दोन्हींवर 88च, पण बोट टेकल्यावर जे घडतं ते अगदी वेगळं. अकूस्टिकमध्ये पट्टी दाबली की नमद्याची हातोडी तारेवर आपटून लगेच मागे हटते आणि तार मोकळी घुमत राहते. उजवा पेडल दाबून खर्जातला एकच सूर वाजवा. न छेडलेल्या तारासुद्धा त्याच्याबरोबर गुणगुणायला लागतात. डिजिटलमध्ये सेन्सर पट्टीचा वेग ओळखतात आणि त्या हिशोबाने आवाज स्पीकरमधून येतो. चांगल्या मॉडेलमध्ये त्या गुणगुणण्याची नक्कलही असते. नक्कलच ती, पण बरी जमलेली!

सोयीत मात्र डिजिटल बाजी मारतो. हेडफोन लावा आणि मध्यरात्री एकच ओळ हवी तितकी घोटा, कुणाची झोपमोड नाही. ट्यूनिंगचीही कटकट नाही. अकूस्टिकला वर्षातून एकदोनदा तरी ट्यूनर बोलवावा लागतो.

नवशिक्याला मी डिजिटलच सुचवेन, फक्त पट्ट्या वजनदार, म्हणजे दाबताना अकूस्टिकसारख्या जड लागणाऱ्या हव्यात. हलक्या कीबोर्डवर बोटांत ताकद येत नाही. आणि स्वस्तात मिळणारा जुना अकूस्टिक? तारांच्या खुंट्या सैल झाल्या असतील तर सूर टिकतच नाही. जाणकाराला दाखवल्याशिवाय पैसे मोजू नका.