पाळणाघर, १४ महिन्यांनंतर: तापाच्या दिवसांचीही पूर्ण फी

काल परत साडेदहाला पाळणाघरातून फोन आला, लेकीला ताप १००.४ आहे, घेऊन जा. या महिन्यातला घरी राहायचा हा पाचवा दिवस आणि फी तीच, ११,५००. राहवेना म्हणून लिहायला बसले.

आम्ही कोथरूडला, दोघांचंही ऑफिस हिंजवडीत. माझी २६ आठवड्यांची रजा संपायच्या दोन महिने आधीपासून शोधत होते, पण वर्षाच्या आतलं बाळ कोणी घेईना, चालायला लागली की आणा म्हणायचे, नाहीतर फक्त दुपारी २ पर्यंत. ९ ते साडेसहा असं हे एकच मिळालं, डिपॉझिट एक महिन्याचं, उशीर झाला की दर पंधरा मिनिटांना १०० रुपये. मातृत्व लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीनंतर ५० किंवा जास्त कर्मचारी असले की कंपनीने पाळणाघराची सोय करायची आणि आईला दिवसातून ४ वेळा बाळाकडे जाऊ द्यायचं असा नियम आहे. आमच्या कंपनीचं टाय-अप आहे, पण खराडीला! हिंजवडीहून खराडीला एकदा जाऊन यायलाच तीन तास लागतात, ४ वेळा कसं जाणार?

तर फी. पहिल्या सहा महिन्यांत लेक ३१ दिवस घरी होती, महिन्याचे २६ दिवस धरले तर दिवसाला साधारण ४४२ रुपये, म्हणजे १३,७०० गेले, वर आमच्या रजा गेल्या त्या वेगळ्याच. पाळणाघराच्या मॅडमना निम्मी तरी कापा म्हटलं तर म्हणाल्या भाडं आणि मुलं सांभाळणाऱ्या ताईंचे पगार थांबत नाहीत. तेव्हा भांडून आले होते, दारात थर्मामीटर लावतात त्याचाही राग यायचा.

जुलैत मत बदललं. कुणीतरी सकाळी तापाचं औषध पाजून मूल सोडलं आणि आठवड्याभरात सहा मुलांना हँड-फूट-माउथ (हातापायांवर आणि तोंडात फोड येतात तो संसर्ग) झाला, माझ्या लेकीलाही. तिच्या तळव्यावरचे फोड ताईंनी पाहिले, मला सकाळी दिसलेच नव्हते. आणि मीही एकदा असंच औषध पाजून सोडलंय, त्या दिवशी ऑफिसात कामाचं रिलीज होतं, सुट्टी घेता येत नव्हती, ते अजून टोचतं. थर्मामीटर हवाच, आता माझी त्याबद्दल तक्रार नाही. पण पैसे पूर्ण भरलेत म्हटल्यावर माणूस मूल घरी ठेवायला कचरतोच ना, तिसऱ्या दिवसापासून अर्धी फी घेतली तर आजारी मुलं घरी राहतील आणि बाकीची वाचतील.

फक्त ते पैसे ताईंच्या पगारातून जायला नकोत. दिवसभर चार बाळं सांभाळून त्यांना ९,००० मिळतात, माझ्या लेकीला वरणभात त्यांच्याच हातचा लागतो. शनिवारी आम्ही पाच-सहा आया मिळून मॅडमना भेटणार आहोत, या दोन्ही गोष्टी बोलायला. कोणाच्या पाळणाघरात आजारपणाची फी कापतात का, कशी कापतात, सांगा, शनिवारच्या आत हवंय.