दशकातला सर्वात वाईट: 'आग' की 'जानी दुश्मन'?

बेळगाव, निपाणी, खानापूरच्या कट्ट्यांवर हा वाद पेटला की आधी दशक ठरवून घ्यावं. २००० ते २००९ धरा किंवा २००१ ते २०१०, हे दोन्ही सिनेमे त्यात बसतात.

'जानी दुश्मन: एक अनोखी कहानी' (२००२) हा राजकुमार कोहलींचा. मुलगा अरमान इच्छाधारी नाग, आणि पंचेचाळिशीतला सनी देओल कॉलेजचा विद्यार्थी! अक्षय कुमार, सुनील शेट्टी, सोनू निगम अशी माणसं भरलीत, पण पात्रं कुणालाच नाहीत. नाग एकेकाला टिपतो, बाकीचे आपली पाळी यायची वाट बघतात. तरी चार जण जमवून बघितला तर हसून पोट दुखतं.

'राम गोपाल वर्मा की आग' (२००७) हा 'शोले'चा रिमेक, त्यात ती सोय नाही. मूळ 'शोले' कर्नाटकातल्याच रामनगरच्या खडकांत, लख्ख उन्हात चित्रित झाला. इथे सगळं अंधारलेलं, कॅमेरा उगाच तिरपा. बसंतीचा टांगा जाऊन रिक्षा आली. ठाकूरचे हात होते, इथे नुसती बोटं तुटतात. गब्बरची भीती पडद्यावर येण्याआधीच गावात पसरलेली असते. इथला गब्बर म्हणजे अमिताभचा बब्बन, त्याला ती तयारीच मिळत नाही, मग अमिताभ तरी काय करणार?

पैसा, नट, तयार कथा असं सगळं हाताशी असून बिघडवलं, म्हणून मत 'आग'ला. 'जानी दुश्मन'वाले भांडतील, भांडू देत. फक्त त्यांना 'आग' शेवटपर्यंत बघितलाय का, ते आधी विचारा.