गाडीचा इन्शुरन्स आणि किंग्ज सर्कलचा पावसाळा: दहा महिन्यांनंतरचा अनुभव

माझी गाडी १२०० सीसीची पेट्रोल हॅचबॅक, सध्या चौथं वर्ष चालू आहे. राहायला किंग्ज सर्कलला, गांधी मार्केटच्या मागच्या बाजूला. मुंबईकरांना एवढ्यावरून पुढचं कळेलच. दर पावसाळ्यात एखादा तरी दिवस असा येतो की भरती आणि मुसळधार पाऊस एकत्र गाठतात आणि आमच्या इमारतीखालच्या स्टिल्ट पार्किंगमध्ये पाणी शिरतं.

गाडी घेतली तेव्हा इन्शुरन्स शोरूमनेच करून दिला होता. सप्टेंबर २०१८ पासून नव्या कारला तीन वर्षांचा थर्ड पार्टी (आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचं झालेलं नुकसान भरून देणारा) सक्तीचा आहे, तो त्यातच होता. तो संपल्यावर फेब्रुवारीत मी पहिल्यांदा स्वतः बसून, दोन-तीन कंपन्यांचे कोट समोर ठेवून पॉलिसी निवडली. ऑगस्टमध्ये क्लेम झाला. आता रिन्यूअल तोंडावर आलंय. सोसायटीत आणि ऑफिसात इतक्या जणांनी इतके प्रश्न विचारलेत की सगळं एकदा नीट लिहून काढते. कंपनीचं नाव देत नाही, कारण यातल्या बऱ्याच गोष्टी कुठल्याही कंपनीला लागू होतात.

माझं मत आधीच सांगते. पॉलिसी उपयोगी पडली, पुन्हा अशीच घेईन. पण 'क्लेम पास झाला' या तीन शब्दांवर समाधान मानू नका. पास झालेल्या क्लेममध्येही वीस-पंचवीस हजार खिशातून जाऊ शकतात. ते जाणार की नाही, हे पाणी शिरतं त्या दिवशी ठरत नाही. पॉलिसी घेताना तुम्ही कुठल्या चौकटीत टिक करता, तिथे ते ठरलेलं असतं.

प्रीमियमचं आधी. थर्ड पार्टीचे दर सरकार ठरवतं. १००० ते १५०० सीसीच्या कारला मी ३,४१६ रुपये भरले, जून २०२२ पासूनचा दर. कुठल्याही कंपनीकडे जा, हा आकडा तोच. त्यामुळे कोटची तुलना करताना तो बाजूला काढा आणि फक्त ओन डॅमेज (आपल्या गाडीच्या नुकसानीचा भाग) आणि ऍड-ऑन (जादा पैसे भरून घ्यायची वाढीव कव्हर) बघा. मला आलेला सगळ्यात स्वस्त कोट स्वस्त होता तो आयडीव्ही खाली ओढल्यामुळे. आयडीव्ही म्हणजे गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण निकामी झाली तर मिळणारी जास्तीत जास्त रक्कम. तीन वर्षं पूर्ण झालेल्या गाडीसाठी गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या चालू विक्री किमतीतून चाळीस टक्के घसारा वजा करून ती काढतात. कोटमध्ये ती त्याहून बरीच कमी दिसली तर वाचलेल्या सात-आठशे रुपयांसाठी तुम्ही पन्नास हजारांचं संरक्षण सोडताय. आणि दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला की गाडी टोटल लॉस धरतात, म्हणजे हा आकडा चोरीपुरता नाही.

ऍड-ऑनमध्ये मी तीन घेतले: झिरो डेप (पार्टच्या किमतीतून घसारा न कापणारं), कन्झ्युमेबल्स (ऑइल, कूलंट वगैरेचं) आणि इंजिन प्रोटेक्ट (पाण्याने बिघडलेल्या इंजिनाचं). तिन्हींचे मिळून ४,१०० रुपये. किल्ली हरवण्याचं कव्हर आणि सामानाचं कव्हर एजंटने दोनदा सुचवलं, दोन्ही वेळा नको म्हटलं.

मे महिन्यात सायनच्या सिग्नलला एका टेम्पोने मागचा बंपर आणि डावा दरवाजा घासला. गॅरेजवाल्याने साडेपाच हजार सांगितले. सगळे म्हणाले, झिरो डेप आहे ना, मग टाक क्लेम. मी टाकला नाही. एनसीबी, म्हणजे क्लेम न केल्याबद्दलची सूट, २० टक्क्यांपासून सुरू होते आणि पुढे २५, ३५, ४५ करत ५० टक्क्यांपर्यंत चढते. मी ३५ वर होते. एक क्लेम केला की पुढच्या वर्षी ती शून्यावर येते आणि पुन्हा विसापासून सुरुवात. माझं ओन डॅमेज सूट धरण्याआधी आठ-साडेआठ हजारांचं आहे. पुढच्या तीन वर्षांचा हिशेब मांडला तर साडेपाच हजारांसाठी आठ हजारांच्या आसपासची सूट गेली असती. म्हणून पैसे खिशातून दिले. छोटा क्लेम टाकण्याआधी हा हिशेब प्रत्येकाने स्वतःच्या आकड्यांवर करावा, कागदावर पाच मिनिटांचं काम आहे.

ऑगस्टची गोष्ट मात्र वेगळी होती. रात्रभर पाऊस कोसळला आणि सकाळी पार्किंगमध्ये गुडघ्यावर पाणी. वॉचमनने खालून हाक मारली, "ताई, चावी टाका, पाणी अजून चढायच्या आत गाडी वर काढून देतो." त्याच्या मनात काळजीच होती. मी वरूनच ओरडून सांगितलं, "दादा, हात लावू नका गाडीला. चालू करायचीच नाही." पाण्यात उभी असलेली गाडी चालू केली की इंजिन हवेसोबत पाणी आत ओढतं. पाणी दाबलं जात नाही, मग पिस्टन अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. याला हायड्रोस्टॅटिक लॉक म्हणतात. साध्या कॉम्प्रिहेन्सिव्ह (थर्ड पार्टी अधिक ओन डॅमेज) पॉलिसीत पुराने भिजलेली गाडी कव्हर असते, पण ती चालू केल्यामुळे फुटलेलं इंजिन 'परिणामी नुकसान' म्हणून बाहेर काढतात. इंजिन प्रोटेक्ट असलं तरी मुद्दाम पुन्हा पुन्हा स्टार्टर मारल्याचं दिसलं तर भांडण होतंच.

पाणी ओसरायच्या आत मी जिन्याच्या शेवटच्या कोरड्या पायरीवर उभी राहून फोटो काढले. नंबर प्लेट आणि पाण्याची पातळी एकाच फोटोत येईल असे. हे फार कामाला आलं. त्याच सकाळी ऍपवर क्लेम नोंदवला आणि नंबर घेतला. टोइंगची गाडी त्या दिवशी मिळणं शक्यच नव्हतं, अर्धी मुंबई त्याच रांगेत होती. दुसऱ्या दिवशी फ्लॅटबेड आली, त्यावरून गाडी कंपनीच्या नेटवर्कमधल्या वर्कशॉपला गेली. कॅशलेस हवं असेल तर वर्कशॉप नेटवर्कमधलंच लागतं. ओळखीच्या गॅरेजमध्ये न्यायची मुभा असते, पण मग आधी स्वतः भरा आणि मागाहून कंपनीकडून घ्या.

सर्व्हेअर, म्हणजे नुकसानीची पाहणी करणारे, आले तेव्हा मी हजर राहिले, आणि तुम्हीही राहा. त्यांनी दरवाजाखालची प्लास्टिकची पट्टी उचकटली, कार्पेट उचललं आणि खालच्या फोमवर बोटं दाबली. काळपट पाणी वर आलं. मग एअर फिल्टरचा डबा उघडला, फिल्टर कोरडा. डिपस्टिक काढून ऑइल फडक्यावर पुसून बघितलं, दुधाळ झालेलं नव्हतं. "मॅडम, स्टार्ट केली नव्हती ना?" एवढंच विचारलं आणि तसं रिपोर्टमध्ये लिहिलं. त्या एका ओळीने माझा अर्धा क्लेम सोपा केला.

आता एस्टिमेटचा कागद. एकूण बिल ७८,४०० रुपये. त्यात प्लास्टिक, रबराचे भाग २४,०००, धातूचे आणि इतर भाग २२,०००, बॅटरी ५,२००, ऑइल-कूलंट-ग्रीस-क्लिपा वगैरे ६,५०० आणि उरलेली २०,७०० मजुरी. साध्या पॉलिसीत प्लास्टिक, रबर आणि बॅटरीवर ५० टक्के घसारा कापतात, गाडी कितीही नवी असो. धातूच्या भागांवर गाडीच्या वयाप्रमाणे, माझ्या गाडीला २५ टक्के. काचेवर घसारा नाही. मजुरीवरही नाही. ऑइल, कूलंट वगैरे तर मुळातच मिळत नाहीत. म्हणजे ऍड-ऑन नसते तर प्लास्टिकचे १२,०००, धातूचे ५,५०० आणि कन्झ्युमेबल्सचे ६,५०० असे चोवीस हजार मी जास्तीचे भरले असते, आणि तरीही क्लेम 'पास'च म्हणवला असता. प्रत्यक्षात माझे गेले ३,६००. सक्तीची वजावट, म्हणजे प्रत्येक क्लेममध्ये आपण भरायचाच भाग, १,००० (१५०० सीसीपर्यंत एवढी, त्यावर २,०००) आणि बॅटरीचा अर्धा खर्च २,६००, कारण माझ्या झिरो डेपमध्ये बॅटरी आणि टायर वगळलेले आहेत. बऱ्याच पॉलिसींत असंच असतं, ते बारीक अक्षरात लिहिलेलं सापडेल. बाहेरून बसवलेले सीट कव्हर पॉलिसीत नोंदवलेले नव्हते, त्यांचे पैसे मी मागितलेच नाहीत.

सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. पहिल्या मंजुरीत स्टार्टर मोटर 'झीज' म्हणून कापली होती. तीन वर्षांची गाडी, चार दिवस आधीपर्यंत पहिल्या झटक्यात चालू होणारी, आणि पाण्याखाली गेलेला पार्ट झिजलेला कसा? फोनवर वाद घालण्यात काही अर्थ नसतो, समोरचा माणूस दर वेळी बदलतो. मी ईमेल केला: पॉलिसीच्या कोणत्या कलमाखाली कापलं ते लेखी कळवा. सोबत शेवटच्या सर्व्हिसिंगचं जॉब कार्ड जोडलं. सुधारित मंजुरीत मोटर परत आली. हे आधीच का होऊ नये, याचा मला अजूनही राग आहे. ज्याच्याकडे जुनं जॉब कार्ड नाही किंवा इंग्रजीत पत्र लिहायची सवय नाही, त्याचे पैसे तिथेच बुडतात.

म्हणून नियम माहीत असू द्या. आयआरडीएआय या विमा नियामकाच्या २०२४ च्या सूचनांनुसार क्लेम कळवल्यापासून २४ तासांत सर्व्हेअर नेमायचा, त्याने १५ दिवसांत अहवाल द्यायचा आणि अहवाल मिळाल्यापासून ७ दिवसांत कंपनीने निर्णय घ्यायचा. कंपनी ऐकत नसेल तर आधी तिच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार, सोबत आयआरडीएआयचं बीमा भरोसा हे तक्रारींचं पोर्टल किंवा १५५२५५ वर फोन. महिनाभरात समाधान झालं नाही तर विमा लोकपाल. मुंबईचं कार्यालय सांताक्रूझ पश्चिमेला एस. व्ही. रोडवर जीवन सेवा ऍनेक्समध्ये आहे. ५० लाखांपर्यंतच्या तक्रारी तिथे घेतात, फी नाही, वकील लागत नाही.

आमच्या शेजारच्या विंगमधल्या काकांची गाडी माझ्याच बाजूला उभी होती. त्यांच्या मुलाने घाईघाईत ती चालू केली, दहा फूट गेली आणि बंद पडली. इंजिन उघडल्यावर एस्टिमेट लाखाच्या वर गेलं. पॉलिसी कॉम्प्रिहेन्सिव्ह होती, पण इंजिन प्रोटेक्ट नव्हतं. कार्पेट, सीट, वायरिंगचं काम पास झालं आणि इंजिन सगळंच्या सगळं नामंजूर. काका मला म्हणाले, "अगं, फुल इन्शुरन्स म्हणून तर घेतला होता." एजंट मंडळी हा 'फुल' शब्द सर्रास वापरतात आणि माणसाला वाटतं आता काही बघायला नको. पॉलिसीच्या शेड्युलवर ऍड-ऑनची यादी छापलेली असते, त्यात ज्याचं नाव नाही ते तुमच्याकडे नाही.

बाकी प्रश्न जे सतत विचारले जातात ते भराभर सांगते. झाड पडलं तर? ओन डॅमेजमधून मिळतं, फक्त थर्ड पार्टी असेल तर काही नाही. माटुंगा-दादरच्या जुन्या झाडांखाली गाडी लावणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. आपण कुणाच्या गाडीला धडकलो तर समोरच्याच्या मालमत्तेचे साडेसात लाखांपर्यंत थर्ड पार्टीतून. कुणी जखमी झालं किंवा दगावलं तर रक्कम मोटार अपघात दावा न्यायाधिकरण ठरवतं, तिथे कमाल मर्यादा नाही. रस्त्यात उभं राहून परस्पर पैशांचं कबूल करू नका, पॉलिसीच्या अटीत ते बसत नाही. भाऊ किंवा मित्र चालवत असेल तर लायसन्स वैध असलं की चालतं, दारू प्यायलेला असेल तर ओन डॅमेजचा क्लेम गेला. गणपतीत कोकणात जाताना पैसे घेऊन प्रवासी बसवले तर खासगी गाडीचा क्लेम नाकारतात. बाहेरून सीएनजी किट बसवलं असेल तर आरसी आणि पॉलिसी दोन्हींवर त्याची नोंद हवी. पाणी शिरल्याच्या क्लेमला एफआयआर लागत नाही, चोरीला लागतोच, आणि तेव्हा दोन्ही किल्ल्याही मागतात. जुनी गाडी विकत घेतली तर १४ दिवसांत पॉलिसी आपल्या नावावर करायला टाका. एनसीबी मात्र मालकाची असते, ती गाडीबरोबर जात नाही.

आता रिन्यूअल. ओन डॅमेजवर सूट शून्य, त्यामुळे तो भाग महागच होणार, आणि ७४,८०० रुपये मिळाल्यावर त्याची तक्रार नाही. तिन्ही ऍड-ऑन कायम ठेवतेय. झिरो डेपला वर्षात किती क्लेम चालतात ते या वेळी आधी विचारून घेतलंय, माझ्याकडे दोन आहेत. पॉलिसी संपल्यावर ९० दिवसांत रिन्यू केली नाही तर ज्यांची एनसीबी साठलेली आहे त्यांची ती जाते. आणि खंड पडला की गाडीची पाहणी होते, ती होईपर्यंत तुम्ही विनाइन्शुरन्स रस्त्यावर. मोटार वाहन कायद्यात त्याला पहिल्या वेळी २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद आहे. मी मुदत संपायच्या दोन आठवडे आधी भरणार आहे. सोसायटीच्या पुढच्या मीटिंगमध्ये पार्किंगला पाण्याचा पंप बसवायचा विषयही ठेवलाय, काकांनी त्याला अनुमोदन दिलंय.