चिमुकल्याला घरी स्पॅनिश शब्द शिकवताना: रोजचा संवाद, गाणी, पुस्तके की स्क्रीन?

दीड ते तीन वर्षांच्या मुलाला घरच्या घरी स्पॅनिशचे प्राथमिक शब्द शिकवायचे ठरले, की पालकांपुढे साधारणपणे पाच मार्ग येतात. रोजच्या कामांत स्वतः ते शब्द बोलणे, बालगीते म्हणणे, चित्रपुस्तके किंवा चित्रकार्डे वापरणे, व्हिडिओ वा ॲप लावून देणे आणि स्पॅनिश बोलणाऱ्या व्यक्तीशी व्हिडिओ कॉलवर मुलाची गाठ घालून देणे. यांपैकी कोणता मार्ग निवडावा हे पालकाला स्वतः किती स्पॅनिश येते, रोज न चुकता किती वेळ देता येईल आणि अपेक्षा नेमकी काय आहे, यांवर ठरते. पालकाला जेमतेम वीस-पंचवीस शब्द येत असले, तरी पाया पहिल्याच मार्गाचा असावा आणि बाकीचे मार्ग त्याच्या मदतीला घ्यावेत, असे माझे ठाम मत आहे.

अपेक्षेचा मुद्दा आधी निकालात काढणे बरे. दिवसातून पंधरा-वीस मिनिटे स्पॅनिश कानावर पडल्याने मूल द्विभाषिक होत नाही. त्यासाठी ती भाषा सहजपणे बोलणाऱ्या माणसाचा रोजचा, दीर्घ सहवास लागतो. मात्र काही डझन शब्द ओळखणे, त्यांतले थोडे योग्य प्रसंगी उच्चारणे आणि त्या भाषेच्या ध्वनींची कानाला सवय होणे, एवढे एका घरात निश्चित साधते. याच मर्यादित उद्दिष्टासाठी पुढील तुलना आहे.

रोजच्या कामांतून शिकवण्याचे बळ हे, की तिथे शब्द आणि वस्तू एकाच क्षणी मुलाच्या हाती येतात. हात धुण्याचा प्रसंग घ्या. नळ सोडताना ‘आग्वा’, साबण हातात देताना ‘तोमा, खाबोन’, म्हणजे घे, साबण, एक हात चोळून झाल्यावर ‘ओत्रा मानो’, म्हणजे दुसरा हात. पुन्हा पाणी हवे असेल तर ‘मास?’, आणि काम आटोपले की ‘या एस्ता’. हे सारे मिनिटभरात होते, रोज त्याच क्रमाने होते आणि पुढचा शब्द कोणता येणार याचा अंदाज मुलाला बांधता येऊ लागतो. तो अंदाज बांधण्यातच शिकणे घडत असते. काही दिवसांनी ‘ओत्रा’ म्हणून क्षणभर थांबले, तर मूल दुसरा हात पुढे करते. शब्द कळल्याची याहून चांगली खूण नाही.

या मार्गात पालकांकडून हमखास होणारी गोष्ट म्हणजे फक्त नामे शिकवणे, आणि तीही रंग, आकडे व प्राण्यांची. मुलाला त्यांचा लगेच काही उपयोग नसतो. ‘मास’ म्हणजे आणखी, ‘दामे’ म्हणजे मला दे, ‘बेन’ म्हणजे ये, ‘उपा’ म्हणजे मला उचलून घे, हे शब्द उच्चारले की काहीतरी घडते, म्हणून ते लवकर पक्के होतात. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेम्स आशर यांनी 1960 च्या दशकात मांडलेली, आज्ञा आणि कृती यांची सांगड घालणारी पद्धत याच तत्त्वावर उभी आहे: ‘साल्ता’ म्हणत आपण उडी मारायची, ‘सिएन्ताते’ म्हणत बसायचे आणि मुलाला बोलण्याची सक्ती न करता नुसते करू द्यायचे. एका जागी न बसणाऱ्या वयाला हे विशेष मानवते.

याच मार्गाची कमकुवत बाजू म्हणजे पालकाचा उच्चार. येथे मराठी भाषकांची स्थिती पुष्कळ बरी आहे, कारण स्पॅनिशमधील त, द, प आणि क हे आपल्या ध्वनींच्या फार जवळचे आहेत, स्वर मुख्यतः पाचच आहेत आणि ‘लेचे’ (दूध) या शब्दातील च हा ‘चिमणी’तला आहे, ‘चमचा’तला नव्हे. अडचण होते ती रोमन अक्षरे इंग्रजीच्या सवयीने वाचल्यामुळे. नमस्कारासाठीचा शब्द ‘होला’ नसून ‘ओला’, रसासाठीचा ‘जुगो’ नसून जवळपास ‘खुगो’, आणि v आणि b या अक्षरांचा उच्चार एकच. म्हणून प्रत्येक शब्द आधी स्पॅनिश भाषकाच्या तोंडून ऐकावा आणि मगच मुलासमोर वापरावा. ‘पेर्रो’ (कुत्रा) मधील लांब, थरथरता र प्रत्यक्ष स्पॅनिश भाषक मुलांनाही उशिराच जमतो, तेव्हा त्यावर अडून बसू नये. नाम शक्यतो उपपदासह, म्हणजे त्याचे लिंग दाखवणाऱ्या ‘ला’ किंवा ‘एल’ या छोट्या शब्दासह सांगावे: ‘ला पेलोता’ (चेंडू), ‘एल सापातो’ (बूट). मराठीतल्या लिंगावरून स्पॅनिश लिंगाचा अंदाज करता येत नाही. ते शब्दाबरोबरच कानावर पडलेले बरे.

व्हिडिओ आणि ॲप यांचे आकर्षण समजण्यासारखे आहे. उच्चार अस्सल असतो, मूल गुंतून राहते आणि पालकाला स्वतः काही शिकावे लागत नाही. परंतु तीन वर्षांखालील मुलांच्या बाबतीत उपलब्ध पुरावा याच मार्गाच्या सर्वांत विरोधात जातो. पॅट्रिशिया कूल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2003 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात नऊ महिन्यांच्या अमेरिकी बाळांना 12 सत्रांत मँडरिन चिनी ऐकवली होती. प्रत्यक्ष माणूस समोर बसून खेळला आणि बोलला, तेव्हा बाळांना त्या भाषेतील ध्वनींमधला फरक ओळखता येऊ लागला. तोच मजकूर व्हिडिओवरून किंवा केवळ ध्वनिमुद्रणातून दिला, तेव्हा तसा परिणाम दिसला नाही. तो प्रयोग ध्वनींपुरता होता. शब्दांविषयी जूडी डीलोश आणि सहकाऱ्यांचा 2010 मधला अभ्यास अधिक थेट आहे: 12 ते 18 महिन्यांच्या मुलांना शब्द शिकवण्यासाठी बनवलेली डीव्हीडी महिनाभर दाखवूनही ती मुले डीव्हीडी न पाहणाऱ्या मुलांहून अधिक शब्द शिकली नाहीत, आणि सर्वाधिक शब्द शिकली ती डीव्हीडीशिवाय आईवडिलांनी रोजच्या व्यवहारात शिकवलेली मुले. हे शब्द मुलांच्या स्वतःच्या भाषेतले होते, हे ध्यानात घेतले तर परक्या भाषेसाठी स्क्रीनवर विसंबणे आणखीच धोक्याचे ठरते. शिवाय जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार एक वर्षाच्या मुलाने बसून स्क्रीन पाहू नये, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला एक तासाची कमाल मर्यादा आहे. तेव्हा व्हिडिओ जरूर वापरावेत, पण मूल झोपल्यावर, पालकाच्या स्वतःच्या कानासाठी.

व्हिडिओ कॉल हा स्क्रीनचाच प्रकार असला तरी त्याला वेगळा न्याय द्यायला हवा, कारण समोरचा माणूस मुलाकडे पाहतो, थांबतो, उत्तर देतो. रोझबेरी, हर्श-पासेक आणि गोलिंकॉफ यांच्या 2014 मधील अभ्यासात दोन ते अडीच वर्षांची मुले अशा थेट संवादातून नवी क्रियापदे शिकली, ध्वनिचित्रमुद्रण पाहून मात्र शिकली नाहीत. नात्यात किंवा मैत्रीत स्पॅनिश बोलणारे कोणी असेल, तर आठवड्यातून दोनदा दहा मिनिटे मिळवावीत, आणि त्या वेळी पालकाने शेजारी बसून बोलण्यातली वस्तू मुलाच्या हातात द्यावी. अनोळखी शिक्षकाच्या नियमित शिकवणीची घाई या वयात करू नये.

गाण्यांचा लाभ ठेका आणि पुनरावृत्ती यांत आहे. ओळीच्या शेवटी थांबले की मूल शेवटचा शब्द भरते, हाताच्या हालचाली जोडल्या की अर्थही थोडा कळतो. तोटा असा, की अनेक मुले संपूर्ण गाणे म्हणतात, पण त्यातला एकही शब्द गाण्याबाहेर ओळखत नाहीत. ‘लुना’चे गाणे म्हणून झाल्यावर खिडकीशी नेऊन चंद्र दाखवला, तरच तो शब्द मुलाचा होतो. कामाच्या धबडग्यात रोज बोलणे न जमणाऱ्या घरासाठी मात्र झोपण्यापूर्वीची दोन गाणी हा सर्वांत टिकाऊ पर्याय आहे.

चित्रपुस्तक आणि चित्रकार्डे यांत पुस्तक सरस. कार्डे परीक्षेसारखी होतात; पुस्तकात पान उलटणे असते, शोधणे असते, ‘मिरा’ (बघ) म्हणत बोट दाखवणे असते. मजकूर वाचता आला नाही तरी चालते, एका चित्रातले दोन-तीन शब्द पुरेत.

निवड करताना आणखी एक गोष्ट आधी ठरवावी लागते: स्पेनची स्पॅनिश की लॅटिन अमेरिकेची. फळांच्या रसाला स्पेनमध्ये ‘थुमो’ म्हणतात, लॅटिन अमेरिकेत ‘खुगो’. बुटाला एकीकडे बहुधा ‘थापातो’, दुसरीकडे ‘सापातो’. दोन्ही बरोबर आहेत. परंतु गाणी एका प्रदेशाची, पुस्तक दुसऱ्या आणि कॉलवरची मावशी तिसऱ्या देशाची असेल, तर मुलापेक्षा पालकाचाच गोंधळ उडतो. पालकाने स्वतः बोलण्यासाठी एक रूप निवडावे आणि त्यावर टिकून राहावे.

घरात एक जण स्पॅनिश सहज बोलणारा असेल, तर त्याने मुलाशी सतत स्पॅनिशच बोलावे. मग बाकीच्या साधनांची विशेष गरज उरत नाही. दोघेही नवखे असतील, तर भाषा माणसाला न बांधता प्रसंगाला बांधावी: आंघोळ आणि बूट घालणे एवढे दोनच प्रसंग स्पॅनिशचे, आणि शेवटी एक पुस्तक किंवा गाणे. वेळ अगदीच कमी असेल, तर एक प्रसंग पुरेसा आहे, पण तो रोजचा हवा.

मूल दोन्ही भाषांचे शब्द एका वाक्यात मिसळेल. ते स्वाभाविक आहे आणि त्यासाठी त्याला टोकू नये. दुसऱ्या भाषेमुळे बोलणे उशिरा येते, ही भीतीही अनाठायी आहे. शब्दसंग्रह मोजायचा झाल्यास सर्व भाषांमधले शब्द एकत्र धरावेत, आणि वयाची दोन वर्षे उलटूनही मूल कोणत्याच भाषेत दोन शब्द जोडत नसेल, तर स्पॅनिश बंद करण्याऐवजी बालरोगतज्ज्ञांना भेटून आधी श्रवणाची तपासणी करून घ्यावी.