थर्मोस्टॅट हाउसिंग बदलून आठ महिने झाले, वापरानंतरचा अनुभव

गाडी जुनी आहे पण इंजिन ठणठणीत, म्हणून तर एवढी खटपट केली. झालं असं की कूलंटची (इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाची) बाटली दर पंधरा दिवसांनी मिनिममच्या खाली जायला लागली आणि गाडीखाली बघावं तर जमीन कोरडीठाक. दोन महिने मी नुसतं टॉप-अप करत राहिलो, ते चुकलंच. गळत होतं थर्मोस्टॅट हाउसिंगमधून (तापमानाप्रमाणे कूलंटची वाट उघडबंद करणारा थर्मोस्टॅट ज्या कवचात बसतो ते), आणि तापलेल्या इंजिनवर पडलेला थेंब खाली पोचायच्या आधीच वाळून जायचा, मागे उरायचा फक्त पांढरट गुलाबी थर. गाडी बंद केली की गोडसर वास मात्र यायचा. असा वास आला की आधी बॉनेट उघडा आणि टॉर्च मारून हाउसिंगच्या खालची बाजू बघा.

जुनं हाउसिंग प्लास्टिकचं, तेही वर्षानुवर्षं तापून-निवून ठिसूळ झालेलं. होज (कूलंटची रबरी नळी) काढायला पकडीने जरा हिसका दिला तर हाउसिंगचं तोंडच बिस्किटासारखं तुटून होजमध्ये अडकलं, आणि बाकीच्या तुकड्यावर बोल्टच्या भोकापासून जॉइंटपर्यंत केसाएवढी बारीक चीर. म्हणजे गळती तिथूनच.

नवीन अ‍ॅल्युमिनियमचं घेतलं, सोबत थर्मोस्टॅट आणि ओ-रिंगपण (जॉइंटमधून गळू न देणारी रबरी कडी) नवीन, कारण एवढं सगळं उघडून जुना थर्मोस्टॅट परत बसवण्यात काही अर्थ नाही. आणि तरी तिसऱ्या दिवशी जॉइंट परत ओला! पार्टला दोष देणार होतो पण खोलून पाहिलं तर इंजिनच्या बाजूच्या पृष्ठभागावर जुना थर तसाच, मी वरवर पुसला होता. मग प्लास्टिकच्या पट्टीने सावकाश खरवडला (लोखंडी पातं नको, अ‍ॅल्युमिनियमवर ओरखडे पडतात आणि तिथून परत पाझरतं), नख फिरवून कुठे अडकत नाही ना ते बघितलं, ओ-रिंगला थोडं कूलंट लावलं आणि बसवलं. सीलंट अजिबात लावलं नाही, ओ-रिंगला ते लागत नाही आणि त्याचे तुकडे सुटून आत फिरत राहतात. बोल्ट छोटे, एम 6 चे, माझ्या मॅन्युअलमध्ये 10 न्यूटन मीटर दिलंय, टॉर्क रेंचनेच (किती जोर लागतोय ते मोजणारा पाना) आवळा, हाताच्या अंदाजाने जास्त पिळलं की आटे जातात.

खरा वेळ गेला कूलंट भरल्यावर आत अडकलेली हवा काढण्यात. हीटर फुल गरमवर, गाडीचं तोंड थोडं चढावर, आणि वरचा-खालचा दोन्ही होज गरम होऊन फॅन सुरू होईपर्यंत थांबायचं. नुसत्या तापमानाच्या काट्यावर विसंबू नका, सेन्सरभोवती कूलंटऐवजी हवा असेल तर काटा खालीच राहतो आणि इंजिन आत तापत असतं. आणि कूलंटची कॅप इंजिन गरम असताना कोणीही उघडू नका, प्रेशरमुळे 100 डिग्रीच्या वर गेलेलं कूलंट उघडल्या क्षणी उकळून अंगावर येतं. सांडलेलं लगेच धुवा, ते विषारी आहे आणि गोड लागतं म्हणून कुत्री-मांजरं चाटतात.

आता आठ महिन्यांचं. बाटलीवर मार्करने रेघ मारून ठेवलीये आणि दर रविवारी सकाळी इंजिन गार असताना बघतो. पहिल्या आठवड्यात बोटभर उतरलं, ती राहिलेली हवा, एकदा भरलं आणि तेव्हापासून पातळी रेघेवरच आहे. भर उन्हात ट्रॅफिकमध्ये अडकलो तेव्हाही काटा मध्यावरून हलला नाही, मला किती हायसं वाटलं ते सांगता येत नाही.

तक्रार एकच, होज चढतो त्या तोंडावर ओतकामाची उभी शिवण तशीच होती. बारीक पॉलिश पेपरने घासूनच बसवा, नाहीतर क्लॅम्प कितीही आवळला तरी तिथून झिरपणार. एका महिन्याने क्लॅम्प पाव फेरा आवळावा लागला, तो दोष होजचा, दाबून बघितला तर टोकाला मऊ पडलाय. पुढच्या वेळी कूलंट बदलताना तोपण बदलणार आहे, आणि कूलंट भरताना पाणी डिस्टिल्डच, नळाचं नाही, क्षारांनी अ‍ॅल्युमिनियम आतून खाल्लं जातं.